श्रद्धेने तपासणीला का भ्यावे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'बायबल हा विश्वासाचा विषय, तिथे बुद्धीचे काम नाही,' असे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. मी ख्रिस्ती आहे, जालन्यात मंडळीतल्या तरुणांचा बायबल अभ्यास घेतो. मला हे मुळीच पटत नाही.

बायबलमधला बराच मजकूर 'अमक्या राजाच्या काळात, अमक्या गावी' असा सांगितलेला आहे. असे सांगणाऱ्याला कोणी पुरावा मागितला, तर राग येण्याचे कारण नाही. १९६१ साली इस्राएलमधल्या कैसरिया या प्राचीन शहराच्या जुन्या नाट्यगृहात पायरीला वापरलेला चुनखडीचा दगड सापडला. त्यावरची लॅटिन अक्षरे बरीच झिजली आहेत, तरी येशूला वधस्तंभाची शिक्षा फर्मावणाऱ्या पिलाताचे नाव आणि यहूदीया या रोमन प्रांताचा अधिकारी हा हुद्दा त्यातून लागतो. पण या दगडाने पिलात सिद्ध होतो, येशूचे मरणातून उठणे, म्हणजे पुनरुत्थान, नव्हे. आमचे काही उपदेशक हा फरक सांगतच नाहीत, याचे वाईट वाटते.

अडचणीही सांगायला हव्यात. येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला असे बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणारा मत्तय म्हणतो. हेरोद बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये वारला. दुसरा चरित्रकार लूक येशूच्या जन्मावेळच्या ज्या नावनिशीचा, म्हणजे रोमन सुभेदार क्विरीनियच्या शिरगणतीचा, उल्लेख करतो, ती इतिहासकार योसेफसच्या हिशेबाने इ.स. ६ ची. हा मेळ आजवर समाधानकारक बसलेला नाही.

म्हणून सगळेच खोटे ठरते का? आपल्याच मुलखातले पाहा. चक्रधर स्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या आणि त्यांतून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली, स्मरणातून पाठ पुन्हा उभे राहिले, पाठभेद उरले. तरी यादवकाळ समजून घ्यायला अभ्यासक त्याच ग्रंथाकडे जातात, ताडून पाहत, पारखून घेत. शुभवर्तमानांना, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांना, वेगळा न्याय का? लूक तर पहिल्याच ओळींत सांगतो की, त्याने सगळ्याचा मुळापासून शोध केला आहे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो येशूचा प्रेषित पौल. येशूच्या वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांनी करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना तो म्हणतो, उठलेल्या ख्रिस्ताला पाचशेंहून अधिक जणांनी एकाच वेळी पाहिले आणि त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत. म्हणजे जा आणि विचारा! शिवाय, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असेही तोच लिहितो. एवढी जोखीम पत्करणारा माणूस बुद्धी बाजूला ठेवा म्हणत नाही. त्याची साक्ष मानायची की नाही, हे शेवटी ज्याचे त्याने ठरवायचे, मी मानतो. पण ती तपासल्यावर मानतो.

आमच्या मुलांना हे सगळे आक्षेप मोबाइलवर दिसतातच. आम्ही गप्प बसलो तर ती आम्हाला विचारायचे सोडून देतील. नाताळच्या पुरवणीत दरवर्षी केक आणि रोषणाई असते. यंदा या विषयावर जाणकारांचा एखादा लेख छापावा, अडचणींसकट. आमच्या गटात तो वाचून त्यावर चर्चा करू.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जालना