आईची पावडर

प्रिय वैशे,

फोन उचलत नाही म्हणून चिडली असशील, चिड, पण हे फोनवर सांगून तुला कळलं असतं, मला हलकं वाटलं नसतं. मी बरी, गुडघा आहे तसाच.

आईचं पोटॅशियम वाढलं म्हणून किडनीच्या डॉक्टरांनी पावडर दिली, पाण्यात ढवळून घ्यायची. केळं बंद, नारळपाणी बंद, तलावपाळीला गेलं की शहाळेवाल्याकडे बघून उसासे. पाकीट उलटं करून वाचलं तर कॅल्शियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट! अगं, आपलं रेझिन, एक आयन सोडून दुसरा धरणारं! टीवायला ब्युरेटमध्ये भरायचो तेच खानदान. (आणि तो कॉलम तूच सुकवलास, सरांसमोर मात्र मला पुढे केलंस.) पोटात जाऊन कॅल्शियम सोडतं नि पोटॅशियम धरतं, पण वाटेत दुसरी औषधं भेटली तर त्यांनाही धरतं. आई थायरॉइडची गोळी आणि पावडर उठल्या उठल्या एकदमच घ्यायची, कारण फाइलीत दोन्हीपुढे नुसतं 'सकाळी'. मग टीएसएच चढला (थायरॉइड कमी पडलं की चढतो तो), आणि थायरॉइडच्या डॉक्टरांनी गोळी ७५ मायक्रोग्रॅमची १०० केली. गोळी कमी नव्हतीच गं, पावडर खात होती.

केमिस्टने सांगितलं तेव्हा ट्यूब पेटली. आता गोळी पहाटे, पावडर चार तासांनंतर, बाकीची औषधं पावडरीच्या निदान तीन तास आधी नाहीतर नंतर. पण मग त्या १००चं काय? आता पूर्ण लागली तर? जास्त झाली की पहिलं हृदय धडधडतं, आणि आईचं हृदय तुला माहितीय. मी रात्री नाडी बघत बसते, ती म्हणते माझी नाडी सोड, तुझं वजन बघ. वर शेजारच्या काकू ॲसिडिटीचं गुलाबी औषध पाजतात, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवालं, तेही या पावडरीबरोबर नको, रक्त अल्कली होतं. काकूंना कोण सांगणार? तूच सांग, तुला त्या घाबरतात.

गुरुवारी दोन्ही डॉक्टरांना गाठते. डोस मी मनाने कमी करणार नाही, ओरडू नकोस.

काकांना काविळीत खाजेसाठी कोलेस्टिरॅमिन होतं ना, तेही असंच औषधं धरणारं रेझिन, बाकीच्या गोळ्या त्याच्या एक तास आधी नाहीतर चार ते सहा तासांनी? तू फ्रिजवर वेळांचा तक्ता लावला होतास. असेल तर फोटो टाक, मला असं आखीवरेखीव जमत नाही.

चिनूची ॲडमिशन झाली का? बदली ऐरोलीलाच घे, हट्ट कर.

तुझी,
मंजू