राणीची वेळा राहिली ती राहिलीच

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : मालवण सहलीत छापील कार्यक्रमातली राणीची वेळा आणि मोरयाचा धोंडा ही दोन ठिकाणं न दाखवल्याबद्दल

महोदय,

१३ ते १५ डिसेंबरच्या तुमच्या मालवण सहलीला मी माझ्या ७१ वर्षांच्या आईला घेऊन आले होते. तुमच्या माहितीपत्रकात दुसऱ्या दिवसापुढे छापलं आहे : ‘सिंधुदुर्ग किल्ला, राणीची वेळा येथे निवांत वेळ, परतताना मोरयाचा धोंडा.’ ही ओळ वाचूनच आईने होकार दिला, नाहीतर गुडघ्यांमुळे ती हल्ली कुठे येत नाही.

प्रत्यक्षात झालं ते असं. सकाळी नऊला निघालेली बस आधी काजू-कोकमाच्या एका दुकानापुढे थांबली, ती दीड तास. हा थांबा पत्रकात कुठेही नाही. धक्क्यावर पोचेपर्यंत होडीला ही रांग! होडीवाल्याने चढतानाच सांगितलं, तासाभरात परत यायचं. त्याची काही चूक नाही, तिथली पद्धतच ती आहे. ती तुम्हाला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. जास्त वेळ थांबणारी होडी आधी ठरवता आली असती.

कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचा तट सुमारे तीन किलोमीटर आहे. तुमच्या मार्गदर्शकाने दरवाजा, महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे, शिवराजेश्वराचं देऊळ आणि दूधबाव-दहीबाव-साखरबाव असं पळवत दाखवलं. (चारही बाजूंनी खारं पाणी आणि विहिरी गोड्या, यावर आई दोन मिनिटं थांबली, तर ‘आजी, चला’ म्हणून हाक.) राणीची वेळा कुठे, असं विचारल्यावर त्याने चालता चालता सांगितलं, ‘वेळा म्हणजे राणीची आंघोळीची वेळ. आता तिथे काही नाही.’

वेळा म्हणजे किनारा हो! संस्कृतातली वेला तीच. आणि तिथे नाही कसं? तटातल्या लहानशा दिंडी दरवाजातून उतरलं की समोर इवलीशी पुळण आहे. ताराराणी तिथे समुद्रस्नानाला येत, अशी आख्यायिका. खरी-खोटी ते इतिहासकार बघतील, पण माझ्या आजीने ती आईला सांगितली होती आणि आईला त्या पाण्यात फक्त पाय बुडवायचे होते. वीस मिनिटं पुरली असती. दुकानात नव्वद गेली.

मोरयाचा धोंडा तर मालवणच्या किनाऱ्यावरच आहे, त्याला होडी लागत नाही. १६६४ साली किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा जिथे झाली, ती जागा. ‘जेवणाला उशीर होतोय’ म्हणून बस सरळ हॉटेलवर गेली. जेवण चांगलं होतं, तेही नोंदवते.

माझ्या मागण्या :
दोघींच्या दुसऱ्या दिवसाच्या खर्चाची रक्कम परत करावी. दुकानाचा थांबा पत्रकात आधीच छापावा, नाहीतर बंद करावा. आणि होडीचा वेळ वाढवून घेणार नसाल, तर ‘निवांत वेळ’ हे शब्द काढून टाकावेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पत्रक, पावती आणि दुकानाबाहेर उभ्या बसचा वेळेसह फोटो सोबत जोडला आहे.

कळावे,
आपली ग्राहक
(बुकिंग माझ्याच नावावर आहे)

ता. क. पैशांऐवजी पुढच्या सहलीची सवलत देऊ नये. आई पुन्हा यायला तयार नाही.