हलके सॉफ्टवेअर हवे, पण रफार मोडून नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे मुंबईतली ग्रंथालये, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था यांच्या कार्यालयांत पडून असलेल्या २ ते ४ जीबी मेमरीच्या संगणकांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. त्यांवर लिनक्स बसवणे हा सरळ उपाय आहे आणि बरेच जण तो करतात. घोडे अडते ते पुढे. पुस्तकांची देवघेव, वर्गणीच्या पावत्या, मेंटेनन्सची बिले यांसाठीचा छोटा मराठी प्रोग्राम कोणत्या टूलकिटमध्ये (खिडक्या, बटणे, चौकटी दाखवणाऱ्या तयार कोडच्या संचात) लिहायचा?

आजकाल उत्तर ठरलेले असते: इलेक्ट्रॉन. वेबपाने करता येणाऱ्याला ते चटकन जमते. पण त्यात प्रत्येक प्रोग्रामसोबत अख्खा क्रोमियम ब्राउझर येतो. नुसती रिकामी खिडकीसुद्धा डिस्कवर १०० एमबीच्या वर जाते आणि जुन्या यंत्राची मेमरी तिथेच संपत येते. सभासदाचे नाव, तारीख आणि दोन बटणे यांसाठी एवढा पसारा म्हणजे वडापाव आणायला ट्रक काढण्यातला प्रकार.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये याला जुने, कसाला उतरलेले पर्याय आहेत. एफएलटीके (जाणकार त्याला 'फुलटिक' म्हणतात) हे सी प्लस प्लसमधले टूलकिट बटणे, चौकटी सगळे स्वतःच रेखाटते. त्याच्या माहितीपुस्तिकेत नमुन्याच्या 'हॅलो' प्रोग्रामचा आकार, लायब्ररी (म्हणजे टूलकिटचा कोड) आत जोडून, ११४ केबी दिला आहे. तो आकडा ४८६ यंत्रांच्या काळातला, आज वाढेल; तरी फरक शेकडो पटींचा राहतो. परवाना एलजीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा, पण लायब्ररी प्रोग्रामच्या आत जोडण्याची खास सवलत असलेला. त्यामुळे पेनड्राइव्हवर एकच फाइल नेऊन काम भागते. (ती फाइल सर्वांत जुन्या लिनक्सवर बनवावी. नव्यावर बनवलेली जुन्या यंत्रावर 'जीलिबसी' या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची अमुक आवृत्ती नाही म्हणून उघडतच नाही.) पायथन भाषेत लिहिणाऱ्यांसाठी टीके हे टूलकिट आहे, ते 'टीकिंटर' या मॉड्यूलमधून वापरतात. डेबियन-उबुंटूमध्ये ते वेगळ्या पॅकेजात असते. ते बसवायचे राहिले की 'टीकिंटर नावाचे मॉड्यूल नाही' हा संदेश हमखास येतो.

मात्र मराठीसाठी खरी परीक्षा एमबीची नाही, अक्षरांची आहे. देवनागरीत साठवण्याचा क्रम वेगळा आणि दिसण्याचा वेगळा. 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी आधी. हा बदल, जोडाक्षरे, रफार हे सगळे 'शेपिंग' करणारे इंजिन सांभाळते. लिनक्सवर हे काम पँगो आणि हार्फबझ करतात. टीके ८.६ लिनक्सवर त्यांच्याकडे जातच नाही. एकेक चिन्ह उचलून ओळीने मांडते. एफएलटीके १.३ चेही तेच. परिणामी 'किंमत'ची वेलांटी क सोडून म ला चिकटते, रफार उतरून पाय मोडका र उरतो. विंडोजवर ही मांडणी खुद्द विंडोज करते, म्हणून टीकेचा तोच प्रोग्राम बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर नीट दिसतो आणि ग्रंथालयाच्या लिनक्सवर फाटतो. मग दोष फॉन्टला दिला जातो. फॉन्ट बिचारा निर्दोष असतो.

मुंबईला हे दुखणे नवे नाही. जुहूच्या एनसीएसटीने (आता सीडॅक मुंबई) 'इंडिक्स' या प्रकल्पात लिनक्सच्या, पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीतच भारतीय लिप्यांची मांडणी बसवली होती. पुढे ते काम पँगोमार्फत टूलकिटच्या थरात गेले. म्हणूनच आज टूलकिट कोणते, याला एवढे महत्त्व आहे.

कोणतेही टूलकिट पसंत करण्यापूर्वी एका लेबलमध्ये आणि एका लिहायच्या चौकटीत हे वाक्य टाकून पाहावे: 'दुसऱ्या ॲपमध्ये विद्यार्थ्यांनी ट्रॅक्टरची किंमत लिहिली.' यात अर्धा ऱ, ॲ, रफार, ट्र आणि वेलांटी सगळे आले. चौकटीत बॅकस्पेस आणि बाण दाबून कर्सर जोडाक्षराच्या मधोमध अडकतो का, तेही पाहावे.

आमची पसंती अशी. लिनक्सवर मराठी हवे आणि पायथनच येते, तर जीटीके ३ किंवा डब्ल्यूएक्सपायथन; डब्ल्यूएक्स लिनक्सवर पँगो वापरणाऱ्या जीटीकेवरच उभे असल्याने शेपिंग फुकटात मिळते. अगदीच हलके हवे तर एफएलटीके १.४. वेलँडवर (एक्स विंडोच्या जागी आलेल्या नव्या प्रणालीवर) ते पँगो वापरतेच. नुसत्या एक्स ११ (म्हणजे एक्स विंडो) साठी मात्र लायब्ररी बनवताना सीमेक या बांधणीच्या साधनात पँगोचा पर्याय स्वतः चालू करावा लागतो. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये हात बसलेल्यांनी लाझारस हे पास्कल भाषेतले मुक्त साधन पाहावे. त्याची फाइल पंचवीस-तीस एमबीची झाली तर घाबरू नये, त्यात बहुतेक डीबगची (चुका शोधण्यासाठीची) माहिती असते. ती माहिती काढून टाकणारी 'स्ट्रिप' आज्ञा चालवली की आकार उतरतो. डिअर इमगुई हे टूलकिट खेळांच्या साधनांसाठी उत्तम, पण त्यात शेपिंग नाही. मराठीसाठी विषय संपला. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर लोकेल (भाषा-प्रदेशाचे सेटिंग) मराठी-भारत ठेवावे, अर्थात फॉन्टमध्ये ती रूपे असायला हवीत.

नवशिक्यांना छळणाऱ्या दोन गोष्टी. एफएलटीकेत 'लेबल' हे फंक्शन मजकुराची नक्कल करत नाही, फक्त पत्ता ठेवते. फंक्शन संपताच बटणावर कचरा दिसतो. तिथे 'कॉपी लेबल' वापरावे. टीकेत चित्राचा संदर्भ चलात (व्हेरिएबलमध्ये) जपून ठेवला नाही, तर पायथन ते पुसून टाकतो आणि लोगोच्या जागी कोरी चौकट उरते. शिवाय दोन्हींत बटणाच्या कॉलबॅकमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) लांबलचक काम केले की खिडकी गोठते. काम वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या धाग्यात) न्यावे, पण खिडकीला हात मुख्य थ्रेडनेच लावावा: टीकेत रांग (क्यू) आणि 'आफ्टर' फंक्शन, एफएलटीकेत 'अवेक'.

टायपिंगसाठी आयबस हा वेगळा प्रोग्रामच पाहिजे असे नाही. लिनक्सच्या एक्सकेबी या कळफलक प्रणालीत मराठी इनस्क्रिप्ट या कळफलकाची मांडणी आधीच आहे. कळफलकाच्या सेटिंगमध्ये ती इंग्रजीसोबत जोडली की काम होते.

संस्थांनी सॉफ्टवेअरसाठी दरपत्रके मागवताना तीन अटी घालाव्यात: वरचे वाक्य संस्थेच्याच २ जीबीच्या यंत्रावर लिहून दाखवणे, सोर्स कोड देणे, आणि तो कोणत्या आवृत्तीच्या टूलकिटवर, कोणते पर्याय चालू ठेवून बनवला हे एका कागदावर लिहून देणे. हा कागद नसला की दोन वर्षांनी यंत्र बदलताना रफार पुन्हा गळतो आणि तो का गळला, हे सांगायला कोणी सापडत नाही.

आपले,
मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारे काही वाचक,
दादर, मुंबई