कादंबरीतल्या त्या खिडकीविषयी

प्रिय मित्रा,

तुझं हस्तलिखित वाचून संपवलं आणि लगेच लिहायला बसलो. आजी गेल्यावर नायिका त्या जुन्या घरात राहायला येते, तिथून जो गुंतलो तो थेट माळ्यावरच्या पेटीपर्यंत. पेटीत मावशीची पत्रं सापडली आणि माझा विश्वास उडाला. अरे, ज्यांनी एवढी वर्षं मावशीचं नाव घरात निघू दिलं नाही, ती माणसं तिची पत्रं जपून ठेवतील? कधीच जाळून टाकली असती त्यांनी.

त्यापेक्षा तुझं दुसरं प्रकरण पाहा. मावशीचा विषय निघताच कुणीतरी पाणी आणायला उठतं, कुणीतरी भलतंच बोलू लागतं. 'हे विचारायचं नाही' असं कुणी न सांगताच मुलीला कळून चुकतं. हे फार खरं उतरलंय. आणि तिथेच तू एक वाक्य सहज टाकून पुढे गेला आहेस: मावशी घर सोडून गेली त्या पहाटेची हकिकत घरातले सगळे शब्दन् शब्द सारखी सांगतात. कादंबरीचा जीव या वाक्यात आहे रे! एकच प्रसंग चौघांनी पाहिला, तर चौघांचं सांगणं थोडं तरी वेगळं निघतं. कुणाला साडीचा रंग आठवतो, कुणाला पाऊस. सगळ्यांचं तंतोतंत जुळतं, तेव्हा ते कुणीतरी पढवलेलं असतं.

माझं म्हणणं, हेच पढवणं नायिकेच्या डोक्यापर्यंत पोचू दे. पाच वर्षांची असताना वरच्या खिडकीतून मावशीला बॅग घेऊन जाताना तिने पाहिलं, असं तिला लख्ख आठवतं. ती आठवणच खोटी असली तर?

ही ओढूनताणून आणलेली कल्पना नाही. मानसशास्त्रातल्या संशोधक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. त्यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणचे चार प्रसंग दिले. घरच्यांनीच सांगितलेत म्हणून दिलेले. तीन खरे होते. चौथा, पाचेक वर्षांचे असताना मॉलमध्ये हरवल्याचा, बनवलेला होता. जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांना तो पूर्ण किंवा अर्धामुर्धा 'आठवला'. घरच्यांचा शब्द एवढा आत जातो. तुझ्या गोष्टीत तर आजीने तो वर्षानुवर्षं मांडीवर घेऊन सांगितलाय.

मग खोटं उघडं पडायचं कसं? माणसं तर बोलणार नाहीत. घराला बोलू दे. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या 'गॅस लाइट' नाटकात नवरा बंद वरच्या मजल्यावर चोरून गॅसचा दिवा लावतो, गॅस तिकडे वाटला जातो, म्हणून खाली बायकोच्या खोलीतली ज्योत मंदावते. तो तिला वेडी ठरवू पाहतो, पण ज्योतीचं मंदावणं काही तो थांबवू शकत नाही. तुलाही असाच साक्षीदार हवा, आणि तो तुझ्याकडे आहे. ओल आली म्हणून नायिका भिंतीचा गिलावा काढायला लावते ना? तिथे गवंड्याच्या तोंडी एवढंच घाल, "ही खिडकी मागाहून फोडलीय, बाई." सगळी भिंत जुन्या चुन्याची, फक्त चौकटीभोवती सिमेंट. नंतर दुरुस्तीच्या पावतीवरचं साल तिला सापडू दे, मावशी गेली त्याच्या पुढच्या वर्षीचं. म्हणजे त्या पहाटे तिथे कोरी भिंत होती!

हे सुचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मावशीचं काय झालं हा प्रश्न तर उरतोच, पण त्याहून भयंकर म्हणजे आता नायिकेने स्वतःच्या कोणत्या आठवणीवर भरवसा ठेवायचा? आजीच्या मायेच्या आठवणीवरसुद्धा? तो संशय घाईने मिटवू नकोस, दोन-तीन प्रकरणं तिला त्यात राहू दे. रात्रीचे करकरणारे जिने मात्र कमी कर. थंडीने लाकूड आक्रसलं की ते वाजतंच, वाचक आता त्याला दचकत नाही.

आजीला खलनायिका करू नकोस, एवढं माझं ऐक. पोरीला वाचवायलाच तिने हे केलं, असं मला वाचताना सारखं वाटत होतं. आणि खिडकीचं आईला ठाऊक होतं का, हे पुढे लिहिण्याआधी पक्कं ठरव, कारण शेवटच्या भेटीतला आईचा प्रत्येक शब्द त्यावर बदलेल. मला विचारशील तर, होतं.

गवंड्याचा प्रसंग लिहून झाला की पाठव, कच्चा असला तरी चालेल.

तुझाच,
मित्र