नवी पेठेतल्या अभ्यासिकेच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, अभ्यास कुठवर आला ते सांग" म्हणता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. परभणी, बीड, जालन्याकडून गादी आणि पुस्तकांची पिशवी घेऊन पुण्यात नवी पेठेत, सदाशिव पेठेत उतरणाऱ्या मुलामुलींपर्यंत तुमची शिकवण पोहोचावी, असं मला फार वाटतं.

शास्त्री रस्त्याच्या आसपास एमपीएससीची दोन मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "किती तास बसतोस?" बारा म्हणणाऱ्याला मान, चौदा म्हणणाऱ्याला त्याहून जास्त. तुम्ही मला तास कधीच विचारले नाहीत. सकाळी कुलूप उघडून झाडलोट झाली की दाराशी स्टुलावर बसून म्हणायचात, "काल काय वाचलंस? पुस्तक मीट आणि सांग." पंचायत राजची 73वी घटनादुरुस्ती वाचलेली असली तर मी सांगायचे: 1992 ची, 24 एप्रिल 1993 पासून लागू, अकराव्या अनुसूचीत 29 विषय. तुम्ही शांतपणे ऐकायचात आणि विचारायचात, "बरं, मग आमच्या गावच्या बायकांना त्यातून काय मिळालं?" जिथे अडायचे, तिथूनच माझा दिवस सुरू व्हायचा. जे सांगता आलं नाही ते सकाळी डोकं ताजं असताना, जे येतं ते संध्याकाळी. माझं वेळापत्रक एवढंच होतं, आणि रंगीत पेनांनी आखलेल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ते जास्त टिकलं.

पुढे वाचनात आलं की हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. तुम्हाला हे प्रयोग ठाऊक असायचं कारण नव्हतं. छापखान्यात इतकी वर्षं प्रुफं तपासताना तुम्हाला कळलं होतं की ओळखीच्या मजकुरावरून डोळे नुसते घसरत जातात आणि आपल्याला वाटतं, वाचलं. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणतात त्याचं अर्ध्याहून अधिक कारण मला यातच दिसतं. समोर प्रश्न असला की मन भटकायला जागाच उरत नाही.

पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं विश्रांती, ही पोमोडोरो पद्धत आमच्यात बरीच चालते. टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून फ्रान्चेस्को सिरिलो यांनी तिला ते नाव दिलं. सुरुवात करायला ती चांगलीच आहे. पण तुम्ही विचारलंत, "पेपर किती वेळाचा?" राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात 100 प्रश्नांना दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद, आणि मध्ये उठायची सोय नाही. मग हळूहळू बैठक वाढवत मी दोन तासांवर आणली, आणि तेवढा वेळ फोन तुमच्या खणात. चहाला उठण्याआधी पुढे काय करायचं ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, हेही तुमचंच. परत आल्यावर त्या ओळीपासून थेट सुरुवात व्हायची.

आणि ते ढोल! गणपतीच्या आधी कित्येक आठवडे नदीपात्रात पथकांचा सराव चालतो, आणि तो नेमका संध्याकाळी. आम्ही सगळे वैतागलेले असायचो. तुम्ही त्या दोन तासांत सीसॅटची, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या आकलन-बुद्धिमत्तेच्या पेपरची, गणितं आणि जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला लावल्यात, इतिहास-राज्यघटना पहाटेवर ढकललीत. "आवाज आपल्या हातात नाही, त्या वेळी काय करायचं ते आहे." परीक्षा केंद्राबाहेर मिरवणूक चालली असतानाही माझा हात थांबला नाही, याचं श्रेय तुम्हाला.

ज्या वर्षी आमचं सोयाबीन पावसात गेलं, त्या वर्षी तुम्ही फीबद्दल चकार शब्द काढला नाहीत. बाबा अजून त्याची आठवण काढतात.

आता महसूल सहायक म्हणून काम करते. कार्यालय सुटल्यावर हाताशी फार वेळ नसतो, पण उरतो तो पुरतो, कारण बसण्याआधी प्रश्न ठरलेला असतो. बसमधून येताना पुस्तक मिटून स्वतःलाच उत्तर सांगते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे पर्यायांवर खूण करण्यापेक्षा सगळं आपल्या शब्दांत मांडता येणं महत्त्वाचं. म्हणजे तुमच्या स्टुलासमोर उभं राहून जे करत होते, तेच आता कागदावर.

या रविवारपासून लिहिलेल्या उत्तरांचे फोटो तुम्हाला पाठवणार आहे. अक्षर मोठं काढते. प्रुफं तपासायचात तशीच तपासा, ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक सोडू नका.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपली,
परभणीची विद्यार्थिनी