वाटाड्याला मागे फिरण्याची मुभा हवी

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की गोव्यात एक मागणी हमखास होते: अभयारण्यातल्या धबधब्यांवर जाताना स्थानिक वाटाड्या सक्तीचा करा. 2023 च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले आणि अभयारण्यांतले धबधबे बंद झाले, तेव्हापासून ती जास्तच ऐकू येते. मागणी चांगली आहे. आम्ही स्वतः वाटाडे, तेव्हा ती आमच्या पोटापाण्याचीही आहे, हे लपवत नाही. पण वाटाड्याला पैसे कोण देतो, कधी देतो आणि कशाचे देतो हे न ठरवता सक्ती केली, तर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस पुढे चालेल, एवढाच काय तो फरक पडेल.

आज पुष्कळ ठिकाणी रीत अशी. शहरातला आयोजक मोबाइलवर जाहिरात टाकतो, माणशी पैसे घेतो, बस भरून चाळीस जण आणतो आणि गावातल्या एका मुलाला सोबत घेतो. त्या मुलाचे पैसे परतल्यावर मिळायचे, तेही धबधबा दाखवला तर. वाटेत व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलेले दिसले तरी तो ‘चला मागे’ म्हणत नाही. मागे फिरला की दिवस फुकट, वर आयोजकाची बोलणी, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्याला बोलावणे.

अमेरिकेत रॉकी पर्वतात एल्कच्या शिकारीचा मोठा धंदा चालतो. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातले पण बरेच थोराड जनावर. पुरता वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो. शिकारीची तरफदारी करायची नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आपल्याकडे आहे, ती तशीच राहावी. घेण्यासारखी आहे ती तिथली व्यवस्था. गिऱ्हाइकाशी करार करणारा, घोडे-तंबू पुरवणारा, जंगलाचा परवाना काढणारा धंदेवाला वेगळा, त्याला आउटफिटर म्हणतात. रानात नेणारा वाटाड्या त्याच्या हाताखाली. काही चुकले तर आधी आउटफिटरला धरतात, कारण परवाना त्याचा असतो. वायोमिंग राज्यात तर बाहेरून आलेल्या शिकाऱ्याला काही संरक्षित रानांत मोठ्या जनावरामागे वाटाड्याशिवाय पाऊलच टाकता येत नाही. आणि पैसे साधारणपणे मोहिमेच्या दिवसांचे असतात, एल्कचे नव्हेत. अनामत आधीच भरलेली असते. एल्क दिसला नाही म्हणून ती परत मिळत नाही. त्यामुळे मुरलेला वाटाड्या ‘आज वारा उलटा आहे, नको’ म्हणून गिऱ्हाइकाला मागे आणू शकतो.

वाऱ्याचे हे ज्ञान आपल्याकडेही लागते, फक्त उलट्या कारणासाठी. पहाटे डोंगरावरची गार हवा उताराने खाली वाहते. ऊन तापले की तीच हवा उतार चढू लागते. एल्कच्या मागावरचा वाटाड्या वारा तोंडावर घेऊन चालतो, म्हणजे जनावराला माणसाचा वास जात नाही. आपल्याला गव्याला चाहूल द्यायची असते. सकाळी लवकर चढण चढणारा गट नेमका वारा तोंडावर घेऊन जात असतो. वरच्या गव्याला वास लागत नाही आणि वळणावर दहा पावलांवर गाठ पडते. म्हणून सकाळच्या चढणीला गप्प चालायचे नसते. वळणाआधी काठी खडकावर आपटायची, बोलत जायचे. अस्वलासाठीही हेच. गवा फुत्कारला, आडवा उभा राहून अंगाची पूर्ण बाजू दाखवू लागला, की तो ‘मागे व्हा’ असे सांगतो आहे असे समजावे. पळायचे नाही. जाड झाडाची आड घेत सावकाश मागे सरायचे, त्याची निघायची वाट मोकळी ठेवायची. एकटा नर आणि वासरू असलेली गाय, या दोघांशी पैज लावू नये. कळपाच्या मधून जाऊन फोटो काढणारे लोक बघितले की गव्याच्या सोशिकपणाचे कौतुक वाटते.

तरी गव्यापेक्षा पाणीच जास्त बळी घेते. म्हादई कर्नाटकात खानापूर तालुक्यात उगम पावून सत्तरीत उतरते. घाटमाथ्यावर ढग फुटतो तेव्हा खाली वाळपईला ऊन असू शकते, आणि पोहणाऱ्याला डोक्यावर निळे आभाळच दिसते. पाणी वाढण्याआधी ते बदलते: रंग गढूळ होतो, पाला-काटक्या वाहून येऊ लागतात, वरून येणारा आवाज जड होतो. यातली एकही खूण दिसली की सगळ्यांना बाहेर काढायचे, सामान गोळा करत बसायचे नाही. जाताना व्हाळ ओलांडला त्या ठिकाणी पाण्याच्या काठाशी काठी रोवावी किंवा दगडावर खूण करावी. परतताना खूण बुडालेली असेल तर पाणी किती वाढले हे डोळ्यांना दिसते, वाद राहत नाही.

गुडघ्यावर जोराचे पाणी असेल तर ओलांडायचे नाही, हा आमचा नियम. त्याखाली असेल तरी अरुंद जागा टाळावी. तिथे पाणी खोल आणि वेगाने असते. पात्र पसरट, तळ बारीक गोट्यांचा आणि खालच्या अंगाला धबधबा किंवा कोंड (खोल डोह) नाही, अशी जागा शोधावी. बूट पायातच ठेवावेत, पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडावा, तोंड पाणी येते त्या वरच्या बाजूला करावे आणि तिघांनी एकमेकांना धरून काठीच्या आधाराने सरकत जावे. दोर बांधला तर तो सरळ आडवा न बांधता प्रवाहाच्या दिशेने तिरका बांधावा, म्हणजे हात सुटत आला तरी पाणी माणसाला पलीकडच्या काठाकडेच ढकलते. दोर अंगाला बांधायचा नाही, मनगटालाही गुंडाळायचा नाही; माणूस अडकला की पाणी त्याला दाबून खाली नेते. फेकायचा वीस मीटरचा दोर घेऊन एक माणूस खालच्या अंगाला उभा हवाच.

धबधब्याखालच्या कोंडात तलावातले पोहणे उपयोगाचे नाही. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने माणूस नीट तरंगत नाही, आणि पायथ्याचा भोवरा त्याला परत धारेखाली ओढतो. बुडणाऱ्याकडे झेप घेणारा मित्र हाच बहुधा दुसरा बळी असतो. दोर, फांदी, रिकामा बंद डबा, जे हाती येईल ते फेकावे. बाहेर काढलेल्याचे पोट दाबत किंवा त्याला उलटा टांगत वेळ घालवू नये. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास हे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवावे.

सापांविषयी एकच सांगतो. पावसाळ्यात व्हाळाकाठच्या झुडपांवर आणि खडकांवर मलबारी चापडा बसलेला असतो, बऱ्याचदा कमरेच्या उंचीवर. चढताना न बघता फांदी धरणे हीच चूक. आपल्याकडचे सर्पविषप्रतिबंधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरचे आहे. चापड्यावर त्याचा भरवसा नाही. म्हणून कोणता साप होता हे डॉक्टरला सांगता आले पाहिजे, पण तो पकडायला किंवा मारायला जाऊ नये. चिरा नको, आवळपट्टी नको. अंगठ्या काढाव्यात, हात-पाय फळीला बांधून स्थिर करावा आणि माणसाला उचलून न्यावे. पाऊस संपल्यावर जळवांची जागा गोचीड घेते. सत्तरीत 2015 पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, तेव्हा मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे आणि घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची खाच तपासावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, जाळू नये.

आता मुद्द्याचे. एका वाटाड्यामागे दहापेक्षा जास्त माणसे नकोत, आणि दहा असली तरी शेपटीला दुसरा हवा. वाटाड्याची परीक्षा कागदावर न घेता जुलैत व्हाळाकाठी घ्यावी: दोर फेकायला लावा, दाब देऊन दाखवायला सांगा, वारा ओळखायला सांगा. माणसे आणणाऱ्या आयोजकाने आपल्या नावावर परवाना काढावा, विमा त्याने भरावा. वाटाड्याची मजुरी दिवसाची ठरावी आणि ती आयोजकाकडून अभयारण्याच्या नाक्यावर सकाळीच जमा व्हावी, धबधबा दिसो वा न दिसो. ‘मागे फिरा’ हा शब्द वाटाड्याचा अखेरचा, त्यावर आयोजकाने वाद घातला तर परवाना रद्द.

आणि नाक्यावरची नोंदवही. आत जाणाऱ्यांची नावे बऱ्याच ठिकाणी लिहून घेतात, बाहेर आलेल्यांवर खूण मात्र कोणी करत नाही. दरीत मोबाइल लागत नाही, 112 ला फोन जाण्यासाठीही कुठला तरी टॉवर मिळावा लागतो. पाच वाजता नाक्यावरच्या माणसाने वही उघडून न परतलेल्यांची मोजणी केली, तर अंधार पडायच्या आत शोध सुरू होऊ शकतो. त्याला एक वही, एक पेन आणि ते काम कोणाचे याचा लेखी हुकूम, एवढेच लागते.

— सत्तरी व धारबांदोडा तालुक्यांतील काही वाटाडे