आधी ठसे घ्या, मग जीर्णोद्धार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तमिळ इतिहासावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेखाचा सगळा भर संगम काव्यांवर, म्हणजे सर्वांत जुन्या तमिळ कवितांवर आहे. देवळांच्या भिंतींवर कोरलेल्या लेखांना जेमतेम दोन ओळी मिळाल्या. हे पटले नाही. चोळांच्या राज्यकारभाराबद्दल आज जे खात्रीने सांगता येते, ते बहुतांशी त्या भिंतींनीच सांगितले आहे.

तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या ग्रामसभेने पहिल्या परांतक चोळाच्या काळात, इ. स. ९२०च्या आसपास, समित्यांच्या निवडीचे नियमच दगडावर कोरून ठेवले. गावाचे ३० भाग. प्रत्येक भागातल्या लायक माणसांच्या नावाच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकायच्या आणि लहान मुलाच्या हातून काढायच्या. वय पस्तिशीच्या पुढे, सत्तरीच्या आत. मागच्या तीन वर्षांत समितीवर बसलेला नको. पूर्वी समितीवर असताना हिशेब न दिलेला तर नकोच, त्याचे जवळचे नातेवाईकसुद्धा नकोत! भाषणांत याला प्राचीन लोकशाही म्हणतात, पण करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर आणि वेदांचे ज्ञान या अटीही तिथेच कोरल्या आहेत. भूमिहीनांना त्या मडक्यात जागा नव्हती. सोयीच्या चार ओळी उचलून चालत नाही, लेख पुरता वाचावा लागतो.

संगम काव्ये ज्यांवर आपल्यापर्यंत आली, त्या ताडपत्रांची गोष्ट वेगळी. दमट हवेत आणि वाळवीपुढे पान फार शतके टिकत नाही, म्हणून हाती आलेली पोथी ही नकलेची नक्कल असते. त्यात लोखंडी लेखणीने टिंब दिले तर पान भोसकते, म्हणून लेखनिक व्यंजनावरचे टिंब (तमिळ लिपीतली पाय मोडल्याची खूण) बहुधा गाळत. कुठे काय वाचायचे, हे संपादकाने ठरवायचे. तमिळ पंडित उ. वे. स्वामिनाथ अय्यरांनी गावोगाव हिंडून पोथ्या गोळा केल्या, पाठ ताडून पाहिले आणि १८८७ मध्ये ‘जीवक चिंतामणी’ हे महाकाव्य, १८९४ मध्ये ‘पुरनानूरु’ हा संगम काव्यसंग्रह छापला. एका देवळात ते पोहोचले, तेव्हा जीर्ण पोथ्या शास्त्राप्रमाणे अग्नीत अर्पण करून झाल्या होत्या. त्यांत काय होते, हे आता कधीच कळणार नाही.

दगड मात्र टिकतो, असे आपण धरून चालतो. तोही टिकत नाही. तमिळनाडूत सफाईच्या नावाखाली वाळूचा झोत मारून देवळे घासली गेली आणि अक्षरे झिजली. जीर्णोद्धारात कोरीव दगड उलटे बसवले जातात, फरशीत जातात. राजराज चोळाला हा धोका हजार वर्षांपूर्वी कळला होता. तिरुमळपाडीचे देऊळ पाडून नव्याने बांधायचे ठरले, तेव्हा भिंतींवरचे लेख आधी वहीत उतरवून घ्या, अशी त्याची आज्ञा झाली. पुढे त्याचा मुलगा राजेंद्र याच्या काळात ते नव्या भिंतींवर पुन्हा कोरले गेले. हेही आपल्याला कळते ते कोरीव लेखातूनच.

तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारात आपलाही मराठी लेख आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथे कोरून घेतला. तो राजाच्या आज्ञेने लिहिलेला, तेव्हा तपासूनच वाचायला हवा. पण तपासायला तो शाबूत तर पाहिजे. महाराष्ट्रातून तिथे रोज माणसे जातात, त्यांतली थोडीच त्या भिंतीपाशी थांबतात.

माझी मागणी साधी आहे. कोणत्याही जुन्या देवळाच्या जीर्णोद्धाराला परवानगी देण्याआधी प्रत्येक कोरीव दगडाचा कागदावर ठसा आणि छायाचित्र घेणे बंधनकारक करावे, दगडांवर क्रमांक घालावेत आणि ठसे वर्षानुवर्षे कपाटात न ठेवता वाचनासह सर्वांना पाहायला मिळावेत. हा नियम तमिळनाडूइतकाच महाराष्ट्रालाही हवा. आमच्याकडे तेलरंगाखाली गेलेले लेख थोडे नाहीत. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे